रॉकेट परत आले. पुढच्या फेरीला निघणार कधी?

ट्रकच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, गाडी कमावते केव्हा? तो म्हणेल, चाक फिरते तेव्हा. गाडी गॅरेजात उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार थांबत नाही, विम्याची तारीख पुढे सरकत नाही. थांबते ती फक्त आवक. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यालाही हे वेगळे सांगायला नको. बंद माग दोन्ही बाजूंनी खातो.

हा साधा हिशेब आज आम्ही अशा एका विषयाला लावून पाहणार आहोत की, त्याचा व्यापार-उद्योगाच्या पानाशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. विषय आहे रॉकेटचा. एकदा उडून समुद्रात बुडणाऱ्या रॉकेटचा नव्हे, तर परत येऊन पुन्हा उडणाऱ्या रॉकेटचा.

निमित्तही तसेच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 16 जानेवारी 2025 रोजी श्रीहरिकोटा येथे तिसरा लाँच पॅड बांधण्यास मंजुरी दिली. खर्च 3,984.86 कोटी रुपये आणि मुदत 48 महिने. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये नव्या पिढीच्या प्रक्षेपक वाहनासाठी, म्हणजे एनजीएलव्हीसाठी, 8,240 कोटी रुपये मंजूर झाले. आजच्या एलव्हीएम-3 पेक्षा तिप्पट वजन दीडपट खर्चात नेणारे आणि काही भाग पुन्हा वापरता येणारे असे हे वाहन असेल, असे सरकारने सांगितले आहे. तिसरा पॅड मुख्यतः त्याच्यासाठीच आहे. दोन्ही रकमा मिळून 12 हजार कोटींच्या वर जातात. पैसा जनतेचा आहे, तेव्हा त्यावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार जनतेला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, फेरवापराच्या रॉकेटचा नफा-तोटा आकाशात ठरत नाही, तो जमिनीवर ठरतो. उतरलेले रॉकेट तपासून, जोडून, इंधन भरून पुन्हा उभे करायला किती दिवस आणि किती माणसे लागतात, यावर सारा धंदा उभा आहे. परत आलेले रॉकेट शेडमध्ये महिनोन् महिने पडून राहणार असेल तर ते परत आणण्याचा खटाटोप कशासाठी?

शटलचा महागडा धडा

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. अमेरिकेने हा धडा भरपूर पैसे मोजून घेतला आहे. 1970 च्या दशकात स्पेस शटलची आखणी झाली तेव्हा सांगण्यात आले की, यान उतरल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा उड्डाणास तयार होईल आणि वर्षाला पन्नासच्या घरात फेऱ्या होतील. प्रत्यक्षात 1981 ते 2011 या 30 वर्षांत मिळून 135 उड्डाणे झाली. सर्वांत जास्त फेऱ्या 1985 साली झाल्या, त्या 9. एकाच यानाने एका उड्डाणापासून पुढचे उड्डाण सर्वांत कमी दिवसांत करण्याचा विक्रमही त्याच वर्षी अटलांटिसने केला. त्याला 54 दिवस लागले.

कारणे पाहिली तर ती बहुतेक जमिनीवरची आहेत. यानाच्या अंगावर उष्णता सोसणाऱ्या सुमारे 24 हजार टाइल्स होत्या. त्यांचे आकार वेगवेगळे, म्हणून एकीची जागा दुसरी घेऊ शकत नसे, आणि प्रत्येक फेरीनंतर त्या तपासाव्या लागत. काही टाक्यांमधले इंधन विषारी होते. त्यावर काम चालू असताना बाकीच्या कामगारांना बाहेर काढावे लागे. बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर समुद्रात पडत. जहाजे त्यांना ओढून आणत, मग ते सुटे करून हजारो किलोमीटर दूर युटा राज्यात रेल्वेने पाठवले जात. तिथून भरून आले की पुन्हा जोडणी. हवा बिघडली आणि यान कॅलिफोर्नियात उतरले तर त्याला बोइंग 747 च्या पाठीवर बसवून फ्लोरिडाला आणण्याचा खर्च निराळा.

जोडणीची इमारतही शटलसाठी बांधलेली नव्हती. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-5 साठी 1960 च्या दशकात ती उभारली होती. उंची 160 मीटर. आत रॉकेट उभे करायचे, क्रेनने एकेक भाग वर चढवायचा आणि मग ताशी दीड किलोमीटरच्या चालीने सरकणाऱ्या अजस्र क्रॉलरवर चढवून साडेपाच किलोमीटरवरच्या पॅडवर न्यायचे. वर्षातून दोन-चार वेळा चंद्रावर जायचे असेल तर ही व्यवस्था उत्तमच होती. पण दर आठवड्याला धावणाऱ्या मालवाहू गाडीसाठी ती योग्य नव्हती. नवी गाडी घेतली, गॅरेज मात्र जुनेच ठेवले, असा तो प्रकार झाला.

याहून बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डनबर्गचे आहे. तिथे शटलसाठी स्वतंत्र उड्डाणतळ उभारण्यात आला आणि त्यावर सुमारे 4 अब्ज डॉलर खर्ची पडले. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला, बेत बदलले आणि त्या तळावरून एकही शटल कधी उडाले नाही. पुढे तो दुसऱ्या रॉकेटांच्या कामी आला खरा, पण ज्या कामासाठी पैसा ओतला ते काम झाले नाही ते नाहीच.

त्याच पॅडवर दुसरी रीत

फ्लोरिडातला 39-ए हा पॅड वाचकांच्या परिचयाचा असेल. 1969 साली चंद्रावर गेलेले अपोलो-11 तिथूनच सुटले आणि शटलच्या कित्येक फेऱ्याही तिथूनच झाल्या. 2014 मध्ये स्पेसएक्स या खासगी कंपनीने तो 20 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. कंपनीने त्या उंच इमारतीकडे पाहिलेही नाही. पॅडच्या पायथ्याशी एक लांबलचक शेड बांधली. रॉकेट तिथे आडवेच जोडायचे, रुळांवरून चढावर न्यायचे आणि पॅडवर गेल्यावर हायड्रॉलिक जॅकने उभे करायचे. शेडपासून पॅडपर्यंतचा प्रवास काही तासांचा. मार्च 2017 मध्ये आधी उडून आलेला बूस्टर दुसऱ्यांदा उडाला तो याच पॅडवरून.

आडव्या जोडणीत नवे काही नाही. रशियाची सोयुझ जातीची रॉकेटे 1957 पासून बायकोनूरला अशीच आडवी जोडून रेल्वेने पॅडवर नेली जातात. फायदा उघड आहे. आडव्या रॉकेटभोवती माणूस जमिनीवर उभा राहून काम करतो. उंच इमारत लागत नाही, मोठ्या क्रेन लागत नाहीत, वादळ-वाऱ्यात रॉकेट छपराखाली सुरक्षित राहते. मुख्य म्हणजे टाक्या रिकाम्या असतात. फाल्कन-9 हे रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे 549 टन भरते, पण त्यातला बहुतेक भार इंधन आणि द्रव ऑक्सिजनचा असतो आणि तो पॅडवर शेवटच्या 35 मिनिटांत भरला जातो. त्या वेळी जवळपास माणूस नसतो. शेडमध्ये हाताळायचे असते ते हलके, रिकामे नळकांडे.

निष्पत्ती काय झाली? 2024 या एका वर्षात फाल्कन जातीच्या रॉकेटांनी 130 हून अधिक उड्डाणे केली. मार्च 2025 मध्ये एकाच बूस्टरने 9 दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या केल्या. त्याच वर्षी एका बूस्टरने आपले तिसावे उड्डाण पूर्ण केले.

इथे तुलना न्यायाने केली पाहिजे. शटल माणसे घेऊन थेट कक्षेतून परत येत असे. फाल्कनचा बूस्टर अर्ध्या वाटेवरून, कमी वेगाने परत येतो आणि त्याचा वरचा टप्पा आजही फेकून दिला जातो. तेव्हा 54 दिवस आणि 9 दिवस हे आकडे समोरासमोर ठेवून टाळ्या पिटणे बरोबर नाही. पण जोडणीची रीत, पॅड मोकळा ठेवण्याची शिस्त आणि तपासणी सोपी जावी म्हणून आधीपासून केलेली रचना, या गोष्टी शिकण्यासारख्या आहेतच.

पॅड म्हणजे फलाट, कारशेड नव्हे

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला आमचा मुद्दा चटकन पटेल. लोकल फलाटावर क्षणभर थांबते, माणसे घेते आणि निघते. डब्याची दुरुस्ती कोणी फलाटावर काढत नाही, त्यासाठी कारशेड असते. फलाट अडला की मागच्या सगळ्या गाड्या अडल्या. लाँच पॅडचेही तसेच आहे. तो सगळ्यांत महागडा आणि सगळ्यांत कमी मिळणारा भाग. त्यावर रॉकेट जितके कमी दिवस उभे राहील तितक्या जास्त फेऱ्या होतील.

आपल्याकडे हे कोणाला कळत नाही असे मुळीच नाही. श्रीहरिकोट्याच्या पहिल्या पॅडवर पीएसएलव्ही वर्षानुवर्षे पॅडवरच एकावर एक टप्पा चढवून जोडले जात असे, आणि तोवर पॅड अडकून राही. 2005 पासून सुरू झालेल्या दुसऱ्या पॅडवर जोडणीची इमारत वेगळी ठेवली गेली आणि तयार रॉकेट रुळांवरून सुमारे एक किलोमीटर पुढे नेण्याची सोय झाली. पुढे पहिल्या पॅडसाठीही जोडणीची स्वतंत्र सोय करण्यात आली, जिचा वापर एप्रिल 2023 च्या पीएसएलव्ही-सी 55 या उड्डाणात झाला. म्हणजे इस्रोची पावले योग्य दिशेनेच पडत आहेत. तिसऱ्या पॅडच्या बाबतीत हीच दिशा शेवटपर्यंत धरून ठेवावी, इतकेच आमचे सांगणे आहे. रॉकेट उतरल्यावर ते तपासायची जागा एक, जोडायची दुसरी, उपग्रह बसवायची स्वच्छ खोली तिसरी, आणि या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी तीन वेगवेगळ्या फेऱ्यांचे काम चालू, अशी मांडणी हवी. एक काम संपल्याशिवाय दुसरे सुरू होत नाही, अशी रांग लागली की सगळी बचत तिथेच बुडते.

अडचण आहे ती घन इंधनाच्या बूस्टरची. हे बूस्टर कारखान्यातूनच दारूगोळ्यासारखे भरून येतात, रिकामे करून हलवता येत नाहीत. एलव्हीएम-3 च्या प्रत्येक बाजूच्या बूस्टरमध्ये 200 टनांहून अधिक इंधन असते. असा भार आडवा जोडून उभा करणे सोपे नाही. तिसऱ्या पॅडवरून एलव्हीएम-3 सुद्धा उडवायचे आहे. तेव्हा एकाच पॅडला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रीती सांभाळाव्या लागतील. दोन्हींचा मेळ घालताना नव्या रीतीचा वेग मारला जाऊ नये, ही काळजी आराखड्याच्या कागदावरच घ्यावी लागेल. बांधकाम झाल्यावर ती घेता येत नाही.

पॅड टिकला पाहिजे

रॉकेट फेरवापराचे आणि पॅड मात्र प्रत्येक फेरीला डागडुजीचा, असे झाले तर काय उपयोग? 20 एप्रिल 2023 रोजी टेक्सासमध्ये स्टारशिप हे महाकाय रॉकेट पहिल्यांदा उडाले तेव्हा त्याच्याखाली ज्वाळा बाजूला वळवणारा चर नव्हता. इंजिनांच्या झोताने काँक्रीट उखडले आणि ढेकळे दूरवर उडाली. त्यानंतर पाण्याचे फवारे सोडणारी पोलादी प्लेट बसवावी लागली. त्याच जागी 13 ऑक्टोबर 2024 रोजी परत आलेला बूस्टर मनोऱ्याच्या दोन बाहूंनी हवेतच पकडण्यात आला, हे सगळ्या जगाने पाहिले. पण त्या आधीचा उखडलेला पॅड बहुतेक लोक विसरले. अभियंत्यांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

आणि घाई करताना माणूस विसरता कामा नये. 22 ऑगस्ट 2003 रोजी ब्राझीलच्या अल्कान्तारा तळावर पॅडवर उभ्या असलेल्या रॉकेटची एक घन इंधनाची मोटर अचानक पेटली. त्या वेळी तिथे काम करणारी 21 माणसे मृत्युमुखी पडली. 1 सप्टेंबर 2016 रोजी फ्लोरिडात फाल्कन-9 इंधन भरताना पॅडवरच फुटले. पॅड वर्षाहून अधिक काळ बंद राहिला, पण जवळ माणूस नसल्याने जीवितहानी झाली नाही. या दोन घटनांतला फरक रचनेचा आहे. पॅडवर माणसाला जितके कमी जावे लागेल तितका वेगही वाढतो आणि जीवही वाचतो. नळ्या आणि केबल आपोआप जोडल्या-सुटल्या जाव्यात, भरण्याचे काम दुरून व्हावे, याला चैन म्हणू नये. ती गरज आहे.

श्रीहरिकोट्याचे आपले प्रश्न

श्रीहरिकोटा हे बेट आहे. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पुलिकत सरोवर आणि सुळ्ळूरपेटहून पाण्यातून येणारा रस्ता. परत येणारा बूस्टर उतरवायचा कुठे? जमिनीवर परत आणला तर परतीसाठी जास्त इंधन राखून ठेवावे लागते आणि तेवढा माल कमी नेता येतो. समुद्रातल्या तराफ्यावर उतरवला तर माल जास्त जातो, पण मग बंदर आले, क्रेन आली आणि बंदरापासून बेटापर्यंतचा रस्ता आला. दक्षिणेला एन्नोर-चेन्नई, उत्तरेला कृष्णपट्टणम. तिथून एवढे मोठे नळकांडे ट्रेलरवर चढवून सरोवरातल्या रस्त्याने आणायचे म्हटले तर किती दिवस गेले याचा हिशेब करा. आमच्या मते बेटावरच स्वतःचा धक्का बांधता येतो का, हे आजच पाहिले पाहिजे. चार वर्षांनी पाहू म्हटले तर जागा आधीच दुसऱ्या कामाला गेलेली असेल.

दुसरा प्रश्न इंधनाचा. प्रत्येक फेरीला शेकडो टन द्रव ऑक्सिजन लागतो. महिन्यातून एक फेरी असेल तर टँकरने भागेल. आठवड्याला एक झाली तर टँकरची रांगच वेग ठरवील. मिथेनसारखे इंधन वापरले तर इंजिनात काजळी कमी धरते आणि साफसफाईचे दिवस वाचतात, पण त्याच्या साठवणुकीची नवी सोय करावी लागते.

फेऱ्या नसतील तर?

आता सर्वांत अवघड प्रश्न. आपली उड्डाणे वर्षाला अजून एक आकडीच आहेत. कोणी म्हणेल, वर्षाला सात-आठ फेऱ्यांसाठी आठवड्याला एक रॉकेट सोडणारा तळ कशाला? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. फेरवापराचा फायदा फेऱ्या वाढल्या तरच होतो. शटलचे गणित बिघडले ते याच ठिकाणी. तळावरच्या हजारो माणसांचा पगार आणि इमारतींचा खर्च ठरलेला, फेऱ्या मात्र मोजक्या. स्पेसएक्सने तरी काय केले? 2024 मधल्या निम्म्याहून अधिक उड्डाणांत त्या कंपनीचे स्वतःचेच स्टारलिंक उपग्रह होते. गाडी आधी घेतली आणि माल स्वतःच तयार केला.

म्हणून आमचे मत असे की, तळ मोठा बांधू नये, वाढता बांधावा. आज एक शेड, पण दुसरीसाठी जागा राखलेली. आज एक उभे करणारे यंत्र, पण दुसऱ्याचा पाया घातलेला. 2023 च्या अवकाश धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आहे आणि मे 2024 मध्ये चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने श्रीहरिकोट्यातल्या आपल्या स्वतंत्र पॅडवरून रॉकेट उडवलेही. मोकळ्या दिवसांत इतरांना भाड्याने देता येईल, अशी तिसऱ्या तळाची रचना केली तर उभा खर्च वाटला जाईल. रिकामे गोदाम भाड्याने देण्यात कोणत्या व्यापाऱ्याला कमीपणा वाटतो?

आमच्या कारखानदारांना

महाराष्ट्राचा या धंद्याशी जुना संबंध आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्ही आणि जीएसएलव्हीच्या मोटरची आवरणे घडली, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने बनली. फेरवापर आला की नवे टप्पे कमी लागतील, अशी भीती काहींना वाटते आणि ती खोटी नाही. पण मोटारीच्या धंद्यात नवी गाडी विकणाऱ्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्यांची संख्या मोठी असते. व्हॉल्व्ह, सील, होज, बेअरिंग, हायड्रॉलिक जॅक, वेल्डिंगची तपासणी, अतिथंड द्रवाच्या टाक्या, हे पुढचे काम आहे. भोसरी, अंबड, वाळूजच्या वर्कशॉपवाल्यांनी आपला दर्जा आणि कागदपत्रे आतापासून नीट ठेवली तर त्यातला वाटा त्यांना मागता येईल. इस्रोच्या रचनाकारांनीही गॅरेजातल्या जुन्या मिस्त्रीचे एक वाक्य ऐकावे, की ज्या गाडीत फिल्टर बदलायला इंजिन उतरवावे लागते ती गाडी घेऊ नये.

मंजुरीपासून 48 महिने म्हणजे 2029 चा आरंभ. त्या दिवशी उद्घाटन होईल, फीत कापली जाईल, मनोऱ्याची उंची आणि खर्चाचा आकडा छापून येईल. आमची मागणी अशी आहे की त्या फलकावर आणखी एक आकडा असावा, आणि तो आराखड्यातच लिहून जाहीर केला जावा. एक फेरी आणि दुसरी फेरी यांच्यामध्ये दिवस किती? संसदेत आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी दरवर्षी हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे. ज्या तळाकडे या प्रश्नाचे उत्तर आहे तो तळ पोट भरील. ज्याच्याकडे नाही, तो कितीही उंच असला तरी त्याचे ओझे आपल्यालाच वाहावे लागेल.